चाळीस खुंट्यांची फेरी

जंगलात वाट चुकणाऱ्या माणसांचं मला पहिल्यापासून नवल वाटतं. चुकायचं काय असतं त्यात? नीट आखणी केली, खुणा केल्या, खुणांना नंबर दिले, की कुणीही गेला तिथून परत येतो! हे मी शुक्रवारी जेवताना ज्ञानदाला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगितलं. ती म्हणाली, "भात वाढू का?"

तिच्या या थंडपणाला कारण आहे. दोन वर्षांपूर्वी मी डोंगरात चालवायची सायकल घेतली. जाड टायर, पुढे-मागे सस्पेन्शन, चोवीस गियर! तेव्हापासून ती आमच्या भूगावच्या फ्लॅटच्या बाल्कनीत उभी आहे. आता अगदीच बिनकामाची आहे असं नाही. हँडलवर टॉवेल वाळतात. मधल्या दांडीवर उन्हाळ्यात शेवया वाळत घातल्या होत्या. शेवया छान झाल्या, हे मी मान्य करतो.

पण त्या शुक्रवारी ज्ञानदाने निर्वाणीचं सांगितलं. "अहो, निषाद सायकल मागतोय. देऊन टाकते."

निषाद तिचा धाकटा भाऊ. हिंजवडीत नोकरी करतो आणि उरलेल्या वेळात पळतो. कुणी मागे लागलेलं नसताना पळतो!

"माझी सायकल?" मी घास खाली ठेवला.

"तुमची कसली? टॉवेलांची!"

खरं सांगतो, त्या सायकलीवर माझा जीव होता. रोज सकाळी चहा पिताना मी तिच्याकडे बघून मनातल्या मनात एक डोंगर चढायचो. दोन वर्षांत असे फार डोंगर झाले होते. ती गेली तर चहा पिताना बघायचं कशाकडे? समोरच्या बिल्डिंगच्या गॅलरीतल्या वॉशिंग मशीनकडे?

"परवा रविवारी कोळवणच्या पुढे जंगलात अकरा किलोमीटरची फेरी मारणार आहे!" मी जाहीर केलं. "चढ, उतार, दगड, सगळं! तूही चल. बघच तू."

"बरं," ती म्हणाली. "सातला सुटायचं. नऊच्या आत, सुटलात तिथेच, सायकल चालवत परत यायचं. आलात, तर सायकल तुमची. मी टॉवेल दुसरीकडे घालीन. नाही आलात, तर निषाद तिथूनच घेऊन जाईल."

निषादने दुसऱ्याच दिवशी गाडीच्या मागे सायकल अडकवायचा स्टँड बसवून घेतला. माझ्यावर एवढा विश्वास!

मी सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगला आहे. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायच्या आणि त्यांना नंबर द्यायचे, ही माझी नोकरी. वीस वर्षांत मी इतक्या चुका काढल्यात, की माझ्या हातून चूक व्हायला आता जागाच उरलेली नाही, असं माझं मत होतं. म्हणून शनिवारी उजाडताच मी एकटाच कोळवणच्या पुढच्या एका वाडीवर गेलो. वाडीचं नाव सांगत नाही. तिथे मला अजून मान आहे.

तयारी चोख होती. रानात कुणी डुक्कर समजू नये म्हणून अंगात नारंगी जाकीट. डोक्याला पांढरं हेल्मेट. एका हातात मोबाईलवर नकाशा, दुसऱ्या हातात हातोडी. खांद्याला चाळीस लाकडी खुंट्यांची पिशवी. प्रत्येक खुंटीला लाल फीत आणि ठळक नंबर. खुंटी ठोकली की भोवती पांढऱ्या फक्कीचा गोल. आता तुम्हीच सांगा, यात चूक काय होती? मलाही दिसली नाही.

वाडीच्या मारुतीच्या देवळापाशी पहिली खुंटी मारली आणि पायी निघालो. आठ नंबरपर्यंत जंगल. नऊ ते चौदा दोन शेतांमधल्या बांधावरून. पुढे पुन्हा जंगल, आणि मोठा वळसा घेऊन चाळीस नंबर परत देवळापाशी. नऊ नंबरची खुंटी ठोकत होतो, तेवढ्यात मागून आवाज आला.

"रामराम साहेब! काय चाललंया?"

साठी ओलांडलेला माणूस, डोक्याला टोपी, हातात विळा. हा गेणबा. बांधाच्या अलीकडचं शेत त्याचं.

"रामराम. सायकलची वाट आखतोय," मी म्हणालो.

"कशाची?"

"सायकलची. उद्या सकाळी इथून सायकल चालवायची आहे."

गेणबाने विळा खाली ठेवला आणि बांधावर बसून तंबाखू मळायला घेतली. "साहेब, राग नका मानू. मागं येक जन आसाच आला हुता. पाखरं बगतुया म्हनला. गळ्यात दुर्बीन! दोन वर्सांत त्या पाखरांच्या झाडावरनं डांबरी गेली."

"अहो, पण मी खरंच सायकल..."

"ऱ्हाऊ द्या. तुमास्नी बोलायची परवानगी नसंल." त्याने समजूतदारपणे मान हलवली. "रुंदी किती धरलीया?"

"हातभर पुरे."

"सुरवातीला हातभरच आस्ती." तो उठून माझ्या जवळ आला आणि आवाज उतरवला. "नऊ नंबर ते चौदा नंबर, येवढ्या सा खुट्या जरा माज्या आंगाला घेतल्या तर? रान लई आडबाजूला हाय. वाट झाली तर बरं हुईल बगा."

मला भरून आलं. साठीतला शेतकरी आपण होऊन म्हणतोय, सायकली माझ्या शेतातून जाऊ द्या! ही खरी खेळाची आवड!

"बघू," मी म्हणालो.

साहेब 'करतो' म्हणाला की काम होत नाही आणि 'बघू' म्हणाला की होतं, असा तिकडे हिशेब आहे. मला तो कुठे ठाऊक? गेणबा लगबगीने घरी गेला आणि इंद्रायणी तांदळाची पिशवी घेऊन आला. मी तीनदा नको म्हणालो. चौथ्यांदा पिशवी माझ्या हातात होती.

चौदा नंबरला बांधाच्या पलीकडून दुसरा आला. हा भिवाजी, गेणबाचा चुलतभाऊ. या बांधावरूनच दोघांचं तीस वर्षं बोलणं बंद, हे त्याने पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं.

"त्या गेणबाचं काय बी ऐकू नका. आन माज्या कलमांकडं येऊ नका. लेकरांवानी वाढवलीत मी."

बांधाला लागून आंब्याची आठ-दहा कलमं होती. "नाही हो, तुमच्या झाडाचं पानसुद्धा पडणार नाही," मी म्हणालो.

"बगा हां!" तो म्हणाला आणि काखेतला कोंबडा माझ्या हातात दिला. जिवंत! "आसू द्या. घरी पोरंबाळं आस्तील."

संध्याकाळी गाडीत बसलो तेव्हा माझे डोळे पाणावले होते. मीही मूळचा उदगीरचा, पण एस.टी. स्टँडजवळचा. खेड्यातली माणसं इतकी निर्मळ असतात हे प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं. ओळख ना पाळख, एक तांदूळ देतो, एक कोंबडा देतो! कोंबडा मागच्या सीटवर बसून माझ्याकडे एका डोळ्याने बघत होता. आमचं भूगावपर्यंत काही बोलणं झालं नाही.

रविवारी पहाटे त्याने आमच्या बाथरूममधून सगळ्या सोसायटीला उठवलं. ज्ञानदा माळकरी घरातली. "ह्याला आत्ताच्या आत्ता ज्याचा त्याला परत द्यायचा!" ती म्हणाली. आम्ही चौघे निघालो. गाडी निषादची, मागे सायकल, पुढे ज्ञानदा आणि खोक्यात कोंबडा.

देवळापाशी पावणेसातला तीस-चाळीस माणसं जमली होती. माझ्या फेरीला एवढे प्रेक्षक! मी हात हलवला. सगळ्यांनी नमस्कार केला. ज्ञानदाने भिवाजीला शोधून खोकं त्याच्या हातात दिलं. "दादा, आमच्यात हे चालत नाही हो. घ्या परत."

भिवाजीचा चेहरा पांढराफटक पडला. "परत?" तो म्हणाला. "म्हंजी साहेबांचं ठरलं व्हय?" खोकं तिथेच देवळाच्या पायरीवर टाकून तो बांधाकडे पळत सुटला. मला वाटलं, कोंबड्यात जीव गुंतला असेल, आनंद झाला असेल. एकेकाची तऱ्हा!

"दाजी, ऑल द बेस्ट!" निषाद म्हणाला आणि गाडीचा स्टँड पुन्हा एकदा हलवून बघितला.

सातला सुटलो. आठ नंबरपर्यंत माझं काम उत्तम झालं. म्हणजे चारच वेळा पडलो. वाट जेमतेम वीतभर रुंद, मधे मुळं, त्यावर ऐनाची वाळकी पानं, आणि पानांखाली दगड. चढावर आपण सायकल ढकलायची असते, हे मला माहीत होतं. उतारावर ती आपल्याला ढकलते, हे कुणी सांगितलं नव्हतं! एकदा करवंदीच्या जाळीत असा काही घुसलो की मी बाहेर आलो आणि जाकिटाची एक बाही आत राहिली. पण घड्याळात सात पस्तीस! अजून सगळं हातात होतं.

बांधावर आलो. नऊ, दहा, अकरा. बारा नंबर कुठे दिसेना. मग लांब लाल फीत दिसली. मी तिकडे वळलो. जवळ जावं तर फीत आणखी लांब. मी गियर बदलला, जोर लावला. फीत उजवीकडे वळली. मी उजवीकडे वळलो. हरभऱ्याच्या शेतातून जाताना माझ्या लक्षात आलं, की खुंटी माझ्यापेक्षा जोरात पळतेय.

खुंटी भिवाजीच्या हातात होती. बारा, तेरा, चौदा, तिन्ही काखेत मारून तो गेणबाच्या शेतात शिरला होता आणि दगडाने ठोकत होता.

"अहो, काय करताय?" मी ओरडलो.

"साहेब, पाया पडतो! कोंबडा नगं तर नगं, बोकड घ्या. पर कलमांतनं नगं! ह्या सगळ्या गेणबाला द्या!"

तेवढ्यात गोठ्यामागून गेणबा आला. त्याला तर खुंट्या हव्याच होत्या. मला वाटलं, सुटलो! एकाला नकोत, एकाला हव्यात, प्रश्न मिटला! पण गेणबाने भिवाजीकडे बघितलं, खुंट्यांकडे बघितलं, आणि त्याचे डोळे बारीक झाले.

"भिवा देतुया? तीस वर्सांत येक वीत बांध दिला न्हाई, आन आज रस्ता देतुया? काय तरी खोट हाय! मला नगं!" असं म्हणून त्याने तेरा नंबर उपटला आणि भिवाजीच्या शेतात भिरकावला.

"तुलाच हवा हुता न्हवं?" भिवाजी.

"तू देत नव्हतास तवर हवा हुता!" गेणबा.

तीस वर्षांनी बोलत होते बिचारे. खुंट्या बांधावरून इकडून तिकडे जात होत्या. एक माझ्या हेल्मेटवरून गेली.

"ऐका!" मी जीव तोडून ओरडलो. "हा रस्ता नाही! सायकल आहे! मला नऊच्या आत देवळापाशी पोचायचंय, नाहीतर माझा मेव्हणा ही सायकल घेऊन जाईल! एवढंच आहे!"

दोघे थांबले. एकमेकांकडे बघितलं. गेणबा हळू आवाजात भिवाजीला म्हणाला, "बग, किती दाब हाय वरनं. काय बी बोलाय लावत्यात."

भिवाजीने मान डोलावली. त्या क्षणी मला कळलं, की तांदूळ आणि कोंबडा म्हणजे काय होतं. कानाच्या पाळ्या गरम झाल्या. वीस वर्षांच्या नोकरीत मला कुणी लाच दिली नव्हती. पहिली मिळाली, आणि ती मी "आभारी आहे" म्हणून घेतली!

पण घड्याळात पावणेआठ झाले होते. लाज नंतर वाटून घेता येते. "पंधरा नंबर कुठाय?" मी विचारलं.

"त्यो वर." गेणबाने डोंगराकडे बोट केलं. "फुडच्या खुट्या गावानं काल सांच्याला जरा सुदारल्यात. पर नंबर बराबर हायेत. तुमी नंबर धरून जावा."

सुधारल्यात म्हणजे काय, हे मी विचारायला हवं होतं. पण नंबर बरोबर आहेत म्हटल्यावर टेस्टिंगवाला आणखी काय विचारणार? मी नंबर धरून गेलो.

काल मी वाटेला वळणं दिली होती. आज वळणं नव्हती. पंधरा, सोळा, सतरा, खुंट्या सरळ रेषेत डोंगरावर चढत होत्या. पहिली दहा मिनिटं मी सायकलवर होतो. पुढची दहा मिनिटं सायकलच्या शेजारी. बावीस नंबरनंतर कातळ लागला, तिथे मी सायकल खांद्यावर घेतली. आता सायकल माझ्यावर बसून डोंगर चढत होती. दोन वर्षं मी तिच्यासाठी जे काही केलं नव्हतं, त्याची भरपाई चालली होती.

मागून कुणीतरी झपझप येत होतं. एक म्हातारी. डोक्यावर गाठोडं, पायात झिजलेल्या चपला. माझ्या पुढे जाऊन थांबली.

"तुमीच का खुट्यांवालं साहेब? मी सारजाबाई. वरल्या आळीची." तिने मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "सरकारनं गाडी बी न्हाई दिली? सायकलीवर धाडलं? आन ती बी तुमीच उचलायची?"

"मावशी, मी सरकारचा नाही," मी धापा टाकत म्हणालो.

"आसं म्हनू नगा. कवाकवा पगार थकतो, म्हून काय आपलं सरकार सोडायचं? द्या हिकडं मागचं चाक."

डोक्यावर गाठोडं तसंच, एका हाताने तिने मागचं चाक उचललं. मी पुढचं धरलं. आमची वरात खिंडीत पोचली तेव्हा आठ पंचवीस झाले होते. मी घामाने चिंब, आणि तिच्या कपाळावर थेंब नाही!

"आता नुसता उतार हाय," ती म्हणाली. "चाळीस नंबर खालीच हाय. मी मधल्या वाटंनं जाते." आणि गेली.

मी खाली बघितलं. लांबवर धरणाचं पाणी चमकत होतं. काल ते तिथे नव्हतं. फार सुंदर दिसत होतं! ज्ञानदाला दाखवायला हवं, असं मनात म्हटलं, तीस नंबरची खुंटी बघितली आणि सायकल सोडली.

आणि काय सांगू! दोन वर्षं चहा पिताना जे मनात चालायचं, ते सगळं खरं झालं. मोकळा उतार, तांबडी माती, दोन्ही बाजूंना कारवी. सायकल दगडांवरून टुणटुण उड्या मारत होती आणि मी पडत नव्हतो! एकतीस! बत्तीस! तेहेतीस! वळणावर शरीर आपोआप झुकत होतं. मी ओरडलो. चक्क ओरडलो, लहान पोरासारखा! डोळ्यांतून पाणी आलं, ते वाऱ्यामुळे आलं असं म्हणू. सायकल माझीच होती. ती निषादला द्यायची कल्पनासुद्धा मला सहन होईना. अडतीस! एकोणचाळीस!

आठ बावन्नला मी चाळीस नंबरच्या खुंटीला ब्रेक मारला. आठ मिनिटं हातात ठेवून! दोन्ही हात वर केले आणि ज्ञानदाला शोधायला लागलो.

ज्ञानदा नव्हती. देऊळही नव्हतं. समोर मोठा डांबरी रस्ता होता, एस.टी.चा थांबा होता, आणि थांब्याच्या कट्ट्यावर सारजाबाई पाय पसरून बसली होती.

"मावशी," मी विचारलं, "मारुतीचं देऊळ कुठे गेलं?"

"त्ये कशाला जातंय कुटं? आमच्या वाडीत हाय. डोंगराच्या पलीकडं."

"मग हे काय आहे?"

"हे माले."

मी खुंटीकडे बघितलं. चाळीस. फक्कीचा गोलसुद्धा माझ्यापेक्षा चांगला काढला होता.

"काल समदी देवळात बसली हुती," सारजाबाईने सांगितलं. "तुमचा गोल रस्ता बगून लोकं लई हसली. हितनं निगून हितंच यायचं, तर जायचं कशापायी? साहेब नवा हाय, चुकला आसंल, म्हनली. मंग मीच म्हनले, सरळ घ्या, माल्याला काडा. माजी लेक दिलीया हितं. डोंगराच्या पाठीला लेक, आन गाडीनं यायचं तर आदी कोळवन, मंग पौड, मंग हितं. तीन गाड्या! तीस वरीस मी डोंगूर चढून येते. आता गुडगं बोलाय लागल्यात. आमची पोरं बॅटऱ्या घिऊन गेली आन तुमची चूक दुरुस्त केली बगा."

माझी चूक दुरुस्त केली! वीस वर्षांत माझ्या कामात कुणी चूक काढली नव्हती. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, तिचं बरोबर होतं. रस्ता कुठेतरी जायला हवा, हे मला सुचलंच नव्हतं. तिच्या गुडघ्यांकडे बघून मला आणखी एकदा 'ही सायकल आहे हो' असं म्हणवेना. "बघू," मी म्हणालो. तिच्या चेहऱ्यावर जो आनंद झाला, तो बघून मी मान फिरवली. आणि फोन वाजला.

"अहो, नऊला पाच कमी आहेत. कुठवर आलात?" ज्ञानदा.

"चाळीस नंबरला! सगळ्या खुंट्या झाल्या!"

"चाळीस नंबर देवळापाशी ना? मी देवळापाशीच उभी आहे."

"हो. म्हणजे, होता."

"तुम्ही कुठे आहात?"

"माले."

 पलीकडून निषादचा आवाज, लांबून: "ताई, माले तर पलीकडच्या खोऱ्यात ना?" आणि मग गाडीच्या स्टँडची क्लिप उघडल्याचा आवाज.

परत डोंगर चढायची ताकद नव्हती. सारजाबाईने जीपवाल्याशी भांडून सायकल टपावर चढवली. मी आत दोन पोती आणि एक शेळी यांच्यामध्ये. पौडला उतरवली, दुसऱ्या जीपच्या टपावर चढवली. कोळवणला पुन्हा तेच. देवळापाशी पोचलो तेव्हा पावणेअकरा झाले होते.

मी प्रयत्न सोडला नाही. "फेरी पूर्ण झाली की नाही?" मी ज्ञानदाला म्हणालो. "सुटलो तिथे परत आलो!"

"सायकल चालवत यायचं ठरलं होतं," ती म्हणाली. "सायकल टपावर, तुम्ही शेळीजवळ."

निषादने जीपच्या टपावरून सायकल उतरवली आणि तशीच, चाक जमिनीला न टेकवता, आपल्या गाडीच्या स्टँडवर चढवली. "दाजी, काळजी नका करू, मी जपेन," तो म्हणाला. मनापासून म्हणाला, त्यामुळे जास्त लागलं.

"हेल्मेट पण देऊन टाका," ज्ञानदा म्हणाली. "आता कशाला हवंय? आणि ते जाकीट."

मी हेल्मेट दिलं. एका बाहीचं जाकीट दिलं. निषादने दोन्ही घालून बघितली. त्याला छान बसली. त्याला सगळंच छान बसतं.

देवळापाशी माणसं अजून होतीच. ती हा सगळा प्रकार निरखून बघत होती. गेणबा पुढे आला. निषादकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि एकदम गंभीर झाला.

"साहेब, बदली?"

सकाळपासून मी खरं बोलून दमलो होतो. "हो," मी म्हणालो.

"कुटं?"

"भूगावला."

"लांब न्हाई मंग. वाईट वाटून घिऊ नगा. आमच्या हितं रस्ता आखनारा टिकतच न्हाई. सकाळी आखतो, दुपारी चार्ज देतो." तो मागे वळून ओरडला, "आरं, टावेल-टोपी आना कुनीतरी! साहेब चाललं!"

मला देवळाच्या पायरीवर उभं केलं. गेणबाने खांद्यावर टॉवेल टाकला, डोक्यावर टोपी ठेवली. भिवाजीने दोन शब्द बोलायचं ठरलं. गेणबाच्या शेजारी उभा राहून तो बोलला, हेही तीस वर्षांत पहिल्यांदाच.

"साहेब लई इमानदार हुते," तो हात जोडून म्हणाला. "माजा कोंबडा परत केला. आसा आधिकारी म्या आजवर बगितला न्हाई!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ज्ञानदानेही वाजवल्या. तांदळाचा विषय कुणी काढला नाही. मीही नाही.

मग ज्ञानदाने माझा फोटो काढला. तो मी फ्रेम करून बाल्कनीत लावलाय. सकाळी चहा पिताना समोर काहीतरी लागतं. टोपी घातलेला मी, एका अंगाला गेणबा, एका अंगाला भिवाजी. दोन वर्षांत माझा सायकलीबरोबरचा एकही फोटो नव्हता, आता हा एक आहे. सायकल मागे दिसते. निषादच्या गाडीवर, निघताना.